मीठा पानी

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे असं सांगितलं की सोलापुरात लोक आधी हसतात आणि मग बघायला येतात. मुंबई इथून चारशे किलोमीटर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मार्च लागला की भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा गावात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, खडक, चार मासे आणि मऊ प्रवाळ. हे वेड माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं. सहा वर्षं त्याने ते सांभाळलं. जानेवारीत त्याला दम्मामला नोकरी लागली आणि जाताना तो टाकी माझ्या पदरात टाकून गेला. "आपा, अमानत है," एवढंच म्हणाला. मग दारातून परत वळून, "कुछ बिगड्या तो तुमे कुछ नक्को करो, पयले मेरेकू फोन करो."

(आमच्या दखनीतला हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चा सख्खा भाऊ. दोन्ही भाषा शिकवते म्हणून सांगते, टाकी सांभाळणाऱ्याला याहून कामाचा शब्द दुसरा नाही.)

मी त्याचं ऐकलं नाही. टाकी बिघडली तेव्हा मी फोन केला तो भावाला नव्हे, दुकानाला. त्या महिन्याभरात जे झालं त्यावरून माझं एक ठाम मत बनलं आहे आणि ते थोडं कडू आहे. घरच्या टाकीतले मऊ प्रवाळ खंगायला लागतात तेव्हा मूळ दुखणं बहुतेक वेळा साधं असतं, आणि ते शोधायच्या आधीच आपण केलेले उपचार त्यापेक्षा मोठे होऊन बसतात. आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. त्या समाधानाची किंमत पाण्यातला जीव भरतो.

आधी हे जीव म्हणजे काय ते सांगते, कारण घरी येणारा प्रत्येक जण "ही झाडं खरी आहेत का?" असंच विचारतो. ते प्राणी आहेत. एकाच अंगावर शेकडो बारीक पॉलिप दाटीने राहतात. प्रत्येकाला आठ हात, आणि भिंगातून बघितलं तर प्रत्येक हाताला पिसासारखी झालर. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा भक्कम सांगाडा ते बांधत नाहीत, अंगात चुन्याचे बारीक कण असतात तेवढेच. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडेकरूच घर चालवतो म्हणा ना. मराठीत पोवळं, उर्दूत मूंगा किंवा मरजान. सूरह रहमानमध्ये मोत्याच्या जोडीने ज्याचं नाव येतं ते हे मरजान. अंगठीतलं लाल पोवळं ज्या प्राण्याच्या सांगाड्यापासून घडवतात तोही आठ हातांच्याच कुळातला, म्हणजे आमच्या टाकीतल्या मऊ मंडळींचा चुलत भाऊ. अम्मीच्या बोटात गेली वीस वर्षं पोवळ्याची अंगठी आहे. हे कळल्यावर तिने टाकीकडे पहिल्यांदा आपुलकीने बघितलं.

टाकीतली सगळ्यात मोठी असामी म्हणजे छत्रीच्या आकाराचा लेदर कोरल. शास्त्रीय नाव सार्कोफायटन. भावाने तो आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता, आता जेवणाच्या ताटाएवढा आहे. त्याच्या शेजारी झेनिया, जी दिवसभर लहान मुलाच्या मुठीसारखी उघडझाप करत असते. कोपऱ्यातल्या खडकावर जांभळ्या चटईतून उगवलेले हिरवे स्टार पॉलिप. खाली सावलीत चार-पाच मशरूम.

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये होता. शाळेत दहावीच्या परीक्षेचं काम, घरी सहेरी आणि इफ्तार. टाकीचं रोजचं काम मी शेजारच्या नववीतल्या मुलाला लावून दिलं. गुणी मुलगा आहे. काम सोपं होतं. टाकीतलं पाणी उडून जातं, सोलापूरच्या कोरड्या उन्हात तर रोज तीन लिटर. उडतं ते फक्त पाणी, मीठ आत राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, आरओच्या पाण्याची. बाल्कनीत पन्नास लिटरचे दोन निळे ड्रम आहेत, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात मीठ मिसळून तयार ठेवलेलं, पाणी बदलताना लागणारं. मी त्याला सांगितलं, "रोज खुणेपर्यंत पाणी भरायचं. मीठ नसलेल्या ड्रममधलं घाल." तो "हो काकू" म्हणाला आणि पंधरा दिवस एकदाही न चुकता काम केलं.

दुसऱ्या आठवड्यात झेनियाची मूठ थांबली. तीन दिवसांनी लेदर मिटला. एरवी त्याच्यावर मखमलीसारखे पॉलिप असतात, ते सगळे आत गेले आणि अंगावर मेणचट पापुद्रा आला. आता इथे थोडं थांबते, कारण पहिली फसगत इथेच होते. लेदर जातीचे प्रवाळ मधूनमधून असे मिटतातच. वरची कात टाकायची असते. कधी दोन-तीन दिवस, कधी आठवडा, क्वचित त्याहून जास्त. त्या काळात त्याच्यावरून पाण्याचा थोडा बरा प्रवाह जाऊ दिला की पापुद्रा सुटून जातो आणि तो पुन्हा उघडतो. एकटा लेदर मिटला तर घाबरायचं कारण नाही. पण लेदर मिटला, झेनिया थांबली, स्टार पॉलिपची चटई नुसती जांभळी दिसायला लागली आणि मशरूमही आक्रसले, म्हणजे चार घरांत एकाच वेळी तोंडं पडली, तर दोष एखाद्या प्राण्यात नसतो, सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत असतो. आणि सगळ्यांना सामाईक म्हणजे पाणी, उजेड, उष्णता. वर्गात एक पोरगं नापास झालं तर त्याला विचारावं, अर्धा वर्ग नापास झाला तर शिक्षकाने स्वतःला विचारावं, हे मी वीस वर्षं बोलत आले. टाकीपुढे उभी राहिल्यावर मात्र आठवलं नाही.

दुकानदाराने फोनवर तीन बाटल्या सांगितल्या. झेनियाला आयोडीन लागतं म्हणून आयोडीन. अशक्तपणा आला असेल म्हणून प्रवाळांचं खाद्य. आणि पाणी स्वच्छ व्हावं म्हणून फॉस्फेट शोषून घेणारे दाणे. मी तिन्ही मागवल्या आणि तिन्ही एकाच आठवड्यात वापरल्या. शिवाय उजेड कमी पडत असेल असं वाटून दिवा खाली घेतला, प्रवाह वाढवला, खडक हलवला. सात-आठ दिवसांत सहा बदल. त्यातला एखादा उपकारक ठरला असता तरी कोणता ते मला कळलं नसतं, आणि घातक ठरलेला कोणता ते आजही नेमकं सांगता येणार नाही. आयोडीनबद्दल एवढंच सांगते की समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम असतं. इतक्या बारीक मापाची वस्तू न मोजता टोपणाने ओतणं म्हणजे अंदाजाने इन्शुलिन देण्यासारखं आहे.

एका सकाळी सहेरीनंतर बघितलं तर झेनिया नव्हती. खडकावर करडा, वितळल्यासारखा लगदा आणि पाण्याला वास. झेनिया अशीच जाते, सगळी एका रात्रीत.

अम्मीने जाहीर केलं की नजर लागली. ईदच्या तयारीला बायका येऊन गेल्या होत्या, "किती सुंदर, किती सुंदर" म्हणत. तिने मूठभर मीठ आणि सात लाल मिरच्या घेऊन टाकीवरून उतरवल्या. मिरच्या गॅसवर टाकायला निघाली तेव्हा मी तिला हात जोडून थांबवलं, कारण टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवाच आत ओढतो. मी चिडले होते. पण पुढे निघालं ते बघता अम्मीचं निदान माझ्यापेक्षा जवळचं होतं. दोष मिठातच होता.

शेवटी भावाला फोन केला. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. खारेपणा किती, उष्णता किती आणि गेल्या महिन्यात नवीन काय झालं. खारेपणा मी डोलत्या काट्याच्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर बघितला होता, काटा १.०२५ दाखवत होता, म्हणजे अगदी ठीक. तो म्हणाला, "वो काटा झूटा है आपा, दराज में दुर्बीन है वो निकालो." ही दुर्बीण म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. आपल्याकडे द्राक्षबागायतदार वापरतात तसाच दिसतो, फक्त त्यांची पट्टी साखरेची असते, हिची मिठाची. त्यांचा उसना आणून चालत नाही. सोबत ३५ च्या प्रमाणित द्रावणाची बाटली होती. आधी त्या द्रावणावर पट्टी जुळवून घ्यायची आणि मग टाकीचं पाणी बघायचं, असं त्याने बजावलं. साध्या पाण्यावर शून्य लावलं तरी वरच्या टोकाला चूक राहू शकते.

समुद्राचं पाणी साधारण ३५ असतं, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. आमच्या टाकीत ४३ निघालं.

मी तीनदा बघितलं. ४३. हायड्रोमीटरच्या काट्यावर मिठाची पुटं चढली होती, त्यामुळे तो जड होऊन खाली राहत होता आणि आम्हाला दिलासा देत होता. दम्मामच्या समोरचा समुद्र ४० च्या आसपास खारट आहे आणि तिथेही प्रवाळ जगतात, भावानेच सांगितलं. पण त्यांच्या हजारो पिढ्या त्या पाण्यात मुरल्या आहेत. आमच्या बिचाऱ्यांना ते पंधरा दिवसांत सोसायला लावलं.

पण मीठ आलं कुठून? बाल्कनीत गेले. आरओचा ड्रम काठोकाठ भरलेला. तो भरलेला बघून गेले पंधरा दिवस मला उलट बरं वाटत होतं, की पाणी पुरतंय. दुसरा ड्रम उघडला तर तळाला चार बोटं पाणी. भरलेल्या ड्रमवर भावाच्या अक्षरात, काळ्या मार्करने, देवनागरीत लिहिलं होतं, 'मीठा'. दुसऱ्यावरचं अक्षर पाण्याने पुसून गेलेलं.

आमच्या घरात मीठा पानी म्हणजे गोडं पाणी. शेजारच्या घरात 'मीठा' असं लिहिलेलं वाचल्यावर डोळ्यांपुढे मीठच येणार. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, मीठ नसलेल्या ड्रममधलं घाल. त्याने पोथी वाचावी तसं वाचलं आणि दुसरा ड्रम घेतला. रोज तीन लिटर, चौदा दिवस, बेचाळीस लिटर मिठाचं पाणी. लिटरमागे ३५ ग्रॅम धरले तर जवळजवळ दीड किलो मीठ त्या टाकीत जास्तीचं गेलं. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या बाईच्या बाल्कनीत हे झालं. मुलाला मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्याचं मराठी बरोबर होतं.

आता ते मीठ काढायचं कसं? मला वाटलं, अर्धं पाणी फेकून आरओचं भरू. भाऊ जोरात म्हणाला, "नक्को!" चढलेला खारेपणा एकदम उतरवणं हे तितकंच घातक, कारण पेशींत पाणी भसकन शिरतं. दिवसाला एक अंश. हिशेब सोपा आहे. खडक-वाळू सोडून टाकीत दीडशे लिटर पाणी. त्यातलं साडेतीन लिटर काढून तेवढंच आरओचं घातलं की ४३ चा ४२ होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. शिवाय उडालेल्या पाण्याची भर आरओचीच, मीठा ड्रममधली. आठ-नऊ दिवस मी रोज इफ्तारच्या आधी दुर्बीण डोळ्याला लावून उभी. ईदच्या आदल्या दिवशी पट्टी ३५ वर आली.

आणि लेदर उघडला नाही.

इथे बाटलीचा हात पुन्हा शिवशिवतो. या वेळी मात्र भावाच्या सांगण्यावरून एक वही घातली. तारीख, वेळ, खारेपणा, उष्णता, भरलेलं पाणी आणि कोण उघडं, कोण मिटलेलं. एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर चार-पाच दिवस नुसतं बघणं. हजेरीपट वीस वर्षं भरते आहे, हाही भरला. त्या वहीनेच बाकीचे चोर पकडून दिले.

पहिला चोर उन्हाचा. सकाळी मी बघायची तेव्हा पाणी २७ अंश. दुपारी चारला कोणी बघतच नव्हतं. बघितलं तर ३१. या जीवांना २५-२६ मानवतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि आतल्या शैवालाचं आणि प्रवाळाचं बिनसतं. मग प्रवाळ भाडेकरूला हाकलून देतो आणि स्वतः पांढरा पडत उपाशी राहतो. २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर जी पांढरी कळा पसरली ती अशीच, आठवड्यांमागून आठवडे तापलेल्या पाण्याने. आमच्याकडे उपाय स्वस्तात झाला. झाकण काढून जाळी टाकली आणि पाण्यावर एक छोटा पंखा लावला. हवा कोरडी असल्याने पाणी उडताना चांगलं थंड होतं, तीन अंश उतरले. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हाच पंखा फारसा उपयोगी पडत नाही, तिथल्यांनी माझ्या भरवशावर राहू नये. पंख्यामुळे उडणारं पाणी तीनचं साडेचार लिटर झालं, म्हणजे भर घालताना चूक करायला वाव आणखी वाढला. एकाला हात लावला की दुसरं हलतं, ते असं.

दुसरा चोर रमजानमधला उजेड. घर सहेरीपर्यंत जागं, पोरं टाकीचा दिवा बंदच करत नव्हती. चौदा-पंधरा तास. प्रवाळालाही रात्र लागते. टायमर लावला, आठ तास.

तिसरा चोर मी स्वतः पैसे देऊन घरात आणलेला. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं, वा, काय स्वच्छ पाणी! पण मऊ प्रवाळ पाण्यातल्या या थोड्याशा मळावरच पोसतात. नायट्रेट पाच-दहा आणि फॉस्फेट अगदी नाममात्र पण असावं. निर्मळ पाणी त्यांच्यासाठी रिकामं ताट आहे. फॉस्फेटचे दाणे काढून टाकले. चुन्याचं आणि अल्कलिनिटीचं मापही घेतलं, ते ठीक होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. ठीक असलेल्या गोष्टीला हात न लावायला मला सगळ्यात जास्त जोर लागला.

चौथा चोर या मंडळींच्या आपापसातल्या भांडणाचा. मऊ प्रवाळ पळू शकत नाहीत, चावू शकत नाहीत, म्हणून शेजाऱ्याला रोखायला पाण्यात विषारी रसायनं सोडतात. त्रास झाला की जास्तच सोडतात. त्यात झेनिया कुजली ते निराळंच. हे सगळं शोषून घ्यायला फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी असते आणि काही आठवड्यांत ती भरून निकामी होते. आमची जानेवारीपासून तीच होती. कार्बन बदलला आणि दुसऱ्याच दिवशी मशरूम फुलले. सगळ्यात स्वस्त उपाय, सगळ्यात शेवटी सुचला.

घरातल्या हवेचंही थोडं सांगायला हवं, कारण हे इंग्रजी पुस्तकांतून सुचवलेलं मिळत नाही. डास मारायच्या कॉईल, लिक्विड आणि फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, ती माशांना आणि पाण्यातल्या बिनकण्याच्या जीवांना फार घातक. टाकीच्या खोलीतून ती हद्दपार. गुरुवारचं लोबान आता आतल्या खोलीत. हातावर अत्तर, तेल, क्रीम, ओली मेहंदी असताना टाकीत हात घालायचा नाही. वुजू केलेले हात उत्तम, कोपरापर्यंत धुतलेले आणि साबणाशिवाय. स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यावरही विसंबू नका. चव यावी म्हणून त्यात बरेचदा कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळायची सोय असते. टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ आलेलं पाणीच घालायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेदरच्या खोडावर बुडाशी तपकिरी मऊ डाग दिसला. कुजत होतं. हातमोजे घालून, नव्या ब्लेडने, कुजका भाग आणि त्याच्या वरचा बोटभर चांगला भागही कापून काढला. छत्रीच्या निरोगी कडेचा एक तुकडा वेगळा घेऊन दुसऱ्या दगडावर रबरबँडने सैलसर बांधला, कारण याचं अंग बुळबुळीत, डिंकाने चिकटत नाही. हातमोज्यांचा आग्रह उगाच नाही. मऊ प्रवाळांबरोबर विकल्या जाणाऱ्या झोअँथिड जातीच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. जखमेतून, डोळ्यांतून, वाफेतूनही बाधतं. असले दगड कधीही उकळत्या पाण्यात घालून साफ करू नका.

आता माझ्या मनातलं खरं बोलते. झेनिया गेली तेव्हा घरात दोन वाक्यं ऐकू आली. "नजर लागली" आणि "अल्लाह की मर्जी." दुसरं वाक्य म्हणणारी मीच होते, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने त्याला खायला दिलं नाही आणि स्वतःचं पोट भरायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती पकडीत आली. समुद्रातल्या जीवाला ऊन लागलं तर त्याचा जाब मला नाही. पण काचेच्या चार भिंतींत मी ज्याला ठेवलं आहे त्याचं मीठ, त्याचं ऊन, त्याची रात्र सगळी माझ्या हातात आहे. तिथे न मोजता मर्जीचं नाव घेणं हे तवक्कुल नव्हे, कामचुकारपणा आहे. मोजूनही गेला असता तर ती गोष्ट वेगळी.

याच न्यायाने मला असंही वाटतं की नव्या माणसाने हा नाद लागलीच लावून घेऊ नये. आधी गोड्या पाण्याची टाकी दोन वर्षं सांभाळावी. आणि विकत घेताना विचारावं. मऊ म्हणून दुकानात दाखवलेलं सगळंच मऊ नसतं आणि सगळंच घ्यायला मोकळं नसतं. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सगळे समुद्रपंखे यांना आपल्या वन्यजीव कायद्याचं २००१ पासून वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. त्यातले समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप तर आठ हातांच्या कुळातलेच, म्हणजे मऊ प्रवाळांच्या घरातले. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ काढून कुलाब्याकडे नेऊन बसवले, तेव्हा त्यासाठी वन खात्याची परवानगी लागली होती. दर्ग्याच्या वाटेवर आपण कितीदा चाललो असू, दोन्ही बाजूंच्या पाण्यात मरजान आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

लेदर तेवीस दिवसांनी उघडला. आधी छत्रीच्या एका कडेला चार-पाच पॉलिप, मग रोज थोडे. अजून मधला भाग बोडका आहे. रबरबँडने बांधलेला तुकडा दगडाला धरला. स्टार पॉलिप परत हिरवे. झेनिया नाही.

व्हिडिओ कॉलवर भावाने टाकी बघितली. मी कॅमेरा झेनियाच्या खडकावरून लवकर फिरवला, पण त्याने ओळखलं. थोडा वेळ गप्प बसला. मग ड्रम दाखवायला सांगितले. दोन्ही ड्रमवर मी आता उर्दूत आणि मराठीत लिहिलं आहे, एकावर 'खारट, पाणी बदलण्यासाठी', दुसऱ्यावर 'बिनमिठाचं, रोज भरण्यासाठी'. शेजारच्या मुलाने स्वतःहून एकावर लाल आणि एकावर हिरवी रेघ मारली.

"मीठा कायकू मिटाये?" भाऊ म्हणाला. "अच्छा लगता था."

मग विचारलं, आज पाणी किती भरलं. वही बघून सांगितलं, साडेचार लिटर.